सूनबाईंना गाडी लागते

८ सप्टेंबर, सोमवार

आज हुरूप आलाय, म्हणून लिहायला बसलो. गाडीच्या कामात माझा एक नेम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, घाटात फिरवून आणायची आणि काय फरक पडला ते त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं की माणूस स्वतःच्या बाजूनं लिहितो.

काल सत्यम आला होता. पनवेलहून, एकटाच. गौरी-गणपतीला मंडळी आली नाहीत, त्याचं वाईट वाटलं असेल त्याला. त्याची गाडी इथं कुसगावात माझ्या गॅरेजला लावली आणि मित्राच्या गाडीतून परत गेला. निघताना म्हणाला, "बाबा, आम्ही येत नाही ते काही मुद्दाम नाही. अनघाला घाटात गाडी लागते. खोपोली सोडली की तिला ढवळायला लागतं, मग राजीपण रडते. तुम्ही बघा ना गाडीचं काही होतं का. घाई नाही, मला सध्या ऑफिसची गाडी आहे."

अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. किती दिवस मनाशी उजळणी करत होतो, आपलं काय चुकलं म्हणून. मागल्या खेपेला नातीला, राजीला, उचलताना माझ्या हाताचं ग्रीस तिच्या फ्रॉकला लागलं होतं. अनघा काही बोलली नाही, फ्रॉक मात्र इथंच विसरून गेली. आमच्या हिनं, रतननं, धुऊन ठेवलाय. आणि गॅरेजच्या वरच घर, तेव्हा कंप्रेसरचा धडधडाट दिवसभर असतोच. असलं काहीबाही डोक्यात यायचं. आणि निघालं काय, तर गाडी डुलते! डुलण्यावर तर माझ्याकडं औषध आहे.

वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. ते आवरायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक आडवा गज असतो, स्टॅबिलायझर बार. गाडी कलली की हा गज पिळवटतो आणि तिला मागं ओढतो. बारीक असला तर गाडी पाळण्यासारखी झुलते. सत्यमच्या गाडीला पुढं बावीस मिलिमीटरचा आहे, मागं चौदाचा. मागचा म्हणजे नावालाच. तेव्हा काम एवढंच, पुढं किती आणि मागं किती ते ठरवायचं.

रतनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"व्हय का? गाडी डुलती व्हय?"

"अगं, म्हणून येत नव्हते ते."

"मग बरंच की," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. तिला यंत्रातलं सांगून उपयोग नाही.

दिवाळीला अवकाश आहे. यंदाच्या दिवाळीला तिघंही इथं पाहिजेत.


११ सप्टेंबर, गुरुवार

काही बदलायच्या आधी गाडी आहे तशी बघायची. स्टिअरिंग धरलेल्याला गाडी कधी लागत नाही, म्हणून मागं माणूस हवं. रतनला एसटीतसुद्धा मळमळतं, म्हणजे तपासायला तिच्याइतकं चोख माणूस नाही. अनघा बसते तिथंच, मागं डावीकडं बसवली. तोंडात ओवा टाकून बसली बिचारी.

"काय वाटतं ते बोलत राहा," मी म्हणालो.

"काय बोलू? झाडं दिसत्यात."

"पोटात काय होतंय?"

"पोटात भाकर हाय."

खोपोलीत चहा घेतला आणि वर चढायला लागलो. शिंग्रोबाच्या वळणाला म्हणाली, आता जरा ढवळलं. म्हणजे तक्रार खरी आहे. मी मान हलवली. खंडाळ्यात आल्यावर म्हणाली, "अनघाचं माहेर नाशकाला. जाताना कसाऱ्याचा घाट लागतो न्हवं? तितं बी तिला हुतं का?"

मी म्हणालो, कसाऱ्याचा रस्ता रुंद, वळणं ऐसपैस. आमच्या घाटाची गोष्ट वेगळी.

"आसंल," म्हणाली.


१७ सप्टेंबर, बुधवार

मेहबूब आला होता. सोमाटण्याच्या अंगाला मोडीत निघालेल्या गाड्या खोलून सुटे भाग विकायचं त्याचं दुकान आहे. आमची दोस्ती दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची. त्यानं त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचा पुढचा बार काढून आणला, पंचवीसचा.

"भाऊ, तीन मिलिमीटरनं काय हुतंय? हे एवढंसं."

मी त्याला सांगितलं, गजाची ताकद जाडीच्या मानानं वाढत नाही. जाडी चार वेळा मांडून गुणायची. बावीसचा पंचवीस झाला की गज दीडपटीहून जास्त कडक होतो.

"आसं म्हातारपणाच्या अकलेचं हुतं का बघा," म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

बार बसवला, दुपारी गाडी घाटात नेली. डुलणं कमी झालं हे खरं. पण पुढचा एकटाच कडक केला की गाडीचं नाक वळणातून बाहेर पळतं. स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, पुढचे टायर किंचाळतात. रतनचा निकाल वेगळाच. "डुलत न्हाई, पर एक चाक खड्ड्यात गेलं की दोन्हीकडनं हिसका बसतोय. मान मोडली माजी." तेही बरोबर आहे. जाड गजानं दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट बांधली जातात, एकाचं दुखणं दुसऱ्याला पोचतं.

बार परत काढताना मेहबूब खाली वाकून म्हणाला, "भाऊ, रागवू नका. माजा सोहेल कोल्हापूरवरनं मोटरसायकलवर येतो. कंबर धरून उतरतो, पर येतो."

मी म्हणालो, सोहेलला लहान लेकरू नाही. मेहबूब म्हणाला, तेबी खरंच. त्याचं बोलणं मला आवडलं नाही. मनानं चांगला आहे, पण कुठं काय बोलावं कळत नाही.


२३ सप्टेंबर, मंगळवार

आज वाचलो.

पुढं मूळचा बावीस ठेवला आणि मागं अठराचा टाकला. चौदाचा अठरा म्हणजे पावणेतीनपट कडक. सकाळी रस्ता कोरडा होता तेव्हा गाडी अशी काही वळत होती की मी एकटाच हसत होतो. बोट दाखवावं तिकडं नाक. दुपारी रतनला घेऊन निघालो तर खंडाळ्याच्या पुढं धुकं आणि पाऊस. उताराच्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडला आणि मागची बाजू सटकली. सटकली म्हणजे रस्त्याच्या कडेचा कठडा मला समोरच्या काचेतून दिसायच्या ऐवजी बाजूच्या काचेतून दिसला. कशी सावरली, माझं मला ठाऊक नाही.

बाजूला घेतली. मागून आवाज आला, "मला मारायचंच आसंल तर घरी मारा की. एवढ्या लांब कशाला आणलं?"

मग आम्ही दोघंही हसलो. पण हसणं काही खरं नव्हतं.

चूक माझी. ही शर्यतीची गाडी नाही, हिच्यात राजी बसणार आहे. मागचा बार वाढवायचा तर एवढाच, की पावसात शेपूट हललं नाही पाहिजे. मेहबूबला सोळाचा शोधायला सांगितलाय.

येताना रतन म्हणाली, "एवढं कुणासाठी करताय?" मी म्हणालो, सूनबाईंसाठी. ती म्हणाली, "तिला ठावं हाय का?"

सत्यमनं सांगितलं असेलच की.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी पान्हे, जॅक, हातोड्या धुऊन पुसून मांडल्या आणि पूजा केली. सत्यमच्या गाडीला झेंडूची माळ घातली. रतन म्हणाली, "आपली स्कूटर ऱ्हायली." मग त्याच माळेतली दोन फुलं काढून स्कूटरला खोचली.

दुपारी फोनवर राजी दिसली. दात पडलाय पुढचा.

"आजोबा, मी घोड्यावर बसले!"

"कुठं गं?"

"महाबळेश्वरला! पप्पांच्या नवीन गाडीतून! इतकी वळणं होती, अशी अशी अशी. मी आणि मम्मानी सगळी गाणी म्हटली!"

तेवढ्यात फोन हलला, छताचा पंखा दिसला. सत्यमचा आवाज आला, बाबा, रेंज जातेय, नंतर करतो. शुभेच्छा द्यायच्या राहिल्या.

पनवेलहून महाबळेश्वर म्हणजे पोलादपूरवरून आंबेनळी घाट. मी त्या घाटातून टेम्पो नेलाय. आमचा घाट त्याच्यापुढं पटांगण आहे. एवढ्या वळणांत अनघा गाणी म्हणाली म्हणजे त्या ऑफिसच्या गाडीचा बार झकास असला पाहिजे. लहान मुलीला ती नवीनच वाटणार. उंच गाडी असेल तर पुढं सव्वीसचा तरी असेल. सत्यमला एकदा विचारायला हवं, त्यावरून आपल्यालाही अंदाज येईल.

हे सगळं मी रतनला समजावत होतो. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, पदरानं काच पुसली आणि पालथा घालून ठेवला.

"जेवून घ्या," म्हणाली.


९ ऑक्टोबर, गुरुवार

जमलं.

पुढचा मूळचाच, बावीस. मागं सोळा. बाकी रबरी बुश नवीन, लिंक रॉड नवीन, टायरात हवा नेमकी. मागचा बार धरायला मेहबूबनं लोखंडी पकडी घडवून दिल्या, चोख काम. एवढी उठाठेव करून शेवटी फक्त दोन मिलिमीटर वाढवले. पण ते कुठं वाढवायचे, यातच सगळं होतं. आता गाडी कलते, पण बेतानं कलते. नाक वळणात राहतं, मागची बाजू मुकाट मागून येते, खड्ड्यात मान हिसकत नाही. काल पावसात पाहिली, आज उन्हात पाहिली.

आणि खरी गोष्ट तर पुढंच. शिंग्रोबाच्या वळणानंतर मागून आवाज येईना. आरशात पाहिलं तर रतन झोपली होती. डोकं काचेला, तोंड उघडं. एसटीत बसायच्या नावानं जिचा चेहरा उतरतो, ती बाई घाटात झोपली! पुढचा सगळा घाट मी तिला जाग येऊ नये म्हणून हळू चालवला. आयुष्यात पुष्कळ गाड्या केल्या, कुणी असं प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

खंडाळ्यात थांबून तिथूनच सत्यमला फोन लावला. सगळं सांगितलं, बावीस, सोळा, झोप. म्हणाला, "हो का? मस्त." मी म्हणालो, दिवाळीला तुम्ही काही करू नका, मीच ही गाडी घेऊन खाली येतो तुम्हाला न्यायला. अनघाला सांग, लिंबू नको, गोळी नको, काही नको.

"बघतो बाबा. अनघाशी बोलतो."

रतन जागी झाली होती. "काय म्हणला?"

"बघतो म्हणाला."

"मग बघल," म्हणाली आणि परत डोळे मिटले.


१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

सत्यमचा फोन आला. यंदा अनघाची आई एकटी आहे, दिवाळीला नाशिकला जावं लागतंय.

मी विचारलं, कशानं जाताय? म्हणाला, गाडीनं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "त्या गाडीचा पुढचा बार किती मिलिमीटरचा आहे रे?"

"काय?"

"काही नाही."

मग तोच म्हणाला, "बाबा, तुमच्या कुसगावापर्यंत बोगद्याचा रस्ता होतोय ना, तो झाला की घाटच नको. मग काय, येतच जाऊ आम्ही."

रतनला हे सांगितलं. ती चकलीचा सोऱ्या फिरवत होती, थांबली नाही. म्हणाली, "बोगदा झाल्यावर दुसरं कायतरी लागंल."

मी तिला बोललो. पोरीबद्दल असं मनात धरू नये. अनघा वाईट नाही. माझ्या साठीला तिनं आठवणीनं घड्याळ पाठवलं होतं, कुरियरनं.

रतन म्हणाली, "मी कुटं वाईट म्हणली? मी चकली करतीय."


२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

लिहिण्यासारखं काही नाही. चकल्या आणि करंज्या मेहबूबकडं दिल्या. एवढं दोघांना सरत नव्हतं.


२ नोव्हेंबर, रविवार

सत्यम येऊन गेला.

पांढरी, उंच, नवी कोरी गाडी घेऊन आला. पुढच्या काचेवर अजून हळद-कुंकवाचं बोट होतं. मी म्हणालो, ऑफिसनं चांगली दिली रे. तो म्हणाला, "ऑफिसची नाही बाबा, माझीच. ऑगस्टमध्ये घेतली. सांगितलं नव्हतं का मी?"

रतननं पटकन ताट वाढलं. अळूची भाजी त्याला आवडते म्हणून मुद्दाम केली होती. अर्धी पोळी खाऊन म्हणाला, वाटेत नाश्ता झालाय. जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, परंदवडीचा कुणी कंपनीत काम करणारा माणूस आहे, दुपारी बघायला येतोय, म्हणून आलो. एवढं एका दमात बोलला.

ऑगस्ट. त्यानं गाडी इथं आणून लावली ती सप्टेंबरात.

मी म्हणालो, गिऱ्हाईक यायच्या आत चल, एकदा घाटात बसून तर बघ. तो म्हणाला, बाबा, वेळ नाहीये. मी म्हणालो, अरे विकायची असली तरी आपली गाडी काय झालीये ते तुला माहीत पाहिजे. रतन म्हणाली, "जा रे, त्यांच्या जिवाला बरं वाटंल." मग आला. पुढं बसवत होतो, तर म्हणाला मागं बसतो, मला जरा मेसेज करायचेत.

मी गाडी चालवली. तशी याआधी कुणासाठी चालवली नसेल. एकेक वळण मोजून मापून घेतलं. तो मान खाली घालून मोबाईलवर टाइप करत होता. खाली जाताना आणि वर येताना, सबंध घाट. एकदाही अंगठा घसरला नाही, एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. चालत्या गाडीत मान घालून वाचलं की धडधाकट माणसालाही मळमळतं. त्याला काही झालं नाही. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली? खंडाळ्यात विचारलं, कशी वाटली?

"काय? हो, छान. आलो का आपण?"

दुपारी गिऱ्हाईक आलं. तिशीचा पोरगा, आदबीनं बोलणारा. बरोबर गाडी तपासणारा माणूस होता. तो खाली वाकला, मागं बॅटरी मारली आणि उठून म्हणाला, मागचं काम कंपनीचं दिसत नाही, नव्या पकडी आहेत, गाडी ठोकलेली आहे का? मी सांगायला लागलो, ठोकलेली नाही, मुद्दाम बार बदललाय, घाटात... त्यानं गिऱ्हाइकाकडं पाहून मान हलवली.

सत्यमनं मला बाजूला घेतलं. "बाबा, कशाला हात लावलात?"

"तूच म्हणाला होतास की, बघा काही होतं का."

"अहो, ते मी असंच म्हणालो होतो."

मग त्यानं त्या पोराला सांगितलं, सगळं कंपनीचं परत लावून देतो, बाबा मेकॅनिकच आहेत. ठरलं. गाडी पोचवायला सत्यमनं यायची गरज नाही, मीच देऊन येईन.

निघताना रतननं राजीसाठी डबा दिला. तो नव्या गाडीच्या सीटवर ठेवताना त्यानं खाली कागद घातला.


४ नोव्हेंबर, मंगळवार

सोळाचा काढला. चौदाचा परत चढवला. बसवताना जेवढा वेळ लागला त्याच्या अर्ध्या वेळात निघाला. पकडी काढताना एक बोल्ट अडला होता, तो कापावा लागला. मेहबूब मदतीला आला होता. काढलेला बार उचलून घेऊन जातो म्हणाला. मी म्हणालो, ने.

नेमाप्रमाणं बदल केल्यावर घाटात फिरवून आणायला हवी होती. नेली नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी देऊन आलो. त्या पोरानं शिरगावला साईबाबांच्या मंदिराजवळ बोलावलं होतं. आधी दर्शन, मग गाडी घरी, असं त्याच्या आईचं म्हणणं. रतनही म्हणाली, मी येते, तेवढंच दर्शन होईल. गुरुवार म्हणून गर्दी होती. ती उतरून थेट रांगेत जाऊन उभी राहिली, मी गाडीजवळ थांबलो.

पोरगा त्याच्या आईला धरून घेऊन आला. थकलेली बाई, हातात नारळ. तिनं गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि मागचं दार उघडून आत बसून पाहिलं. पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, एक विचारू? मामाचं गाव कोकणात आहे, आईला तिकडं न्यायचंय. पण तिला घाटात गाडी लागते. ही कशी आहे घाटात? खरं सांगा."

कागद सत्यमनं आधीच त्याला दिलेले होते. सौदा काही माझ्या बोलण्यानं मोडणार नव्हता. पण त्यानं मेकॅनिकला विचारलं होतं, मग मेकॅनिकनं खरं तेच सांगायला हवं.

मी म्हणालो, "डुलते थोडी. सगळ्याच डुलतात. पण एवढ्यानं काही कुणाचं जायचं अडत नाही. पुढं बसवा, खिडकी उघडी ठेवा, सावकाश न्या. जाईल."

त्यानं माझ्या पाया पडून किल्ली घेतली.

रतन तेव्हा रांगेत पार पुढं गेली होती, तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही. ते बरंच झालं. तिची अजून समजूत आहे की दोष गाडीचा होता. राहू दे तिची समजूत.